काटा कुठे थांबतो? : स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि वर्षानंतरच्या वजनाचा इतिहास

बॅरिआट्रिक शस्त्रक्रियेला वर्ष पूर्ण होते, तेव्हा रुग्णाच्या घरात एकच प्रश्न घोळत असतो : वजन अजून उतरते आहे का? उतरत असेल तर समाधान. थांबले असेल तर काळजी, आता सगळे परत येणार की काय. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम हाती घेतली त्या शल्यविशारदांची काळजी याच्या उलट होती. रुग्णाचे वजन उतरायचे थांबेल की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हते. या दोन काळज्यांच्या मधला इतिहास रंजक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी क्लेशकारकही.

त्याची सुरुवात करायची ती शस्त्रक्रियागृहातून नव्हे, तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागृहाखालील खोल्यांतून. दुसरे महायुद्ध संपत आले होते, युरोपात उपासमार होती. सुटकेनंतर या भुकेल्या लोकांना कसे आणि किती खाऊ घालावे याचे शास्त्र कोणापाशी नव्हते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. धर्माच्या वा विवेकाच्या कारणावरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने उपाशी राहायला तयार झाले होते. १९४५ च्या फेब्रुवारीपासून २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

मात्र ही घट सरळ रेषेत झाली नाही. सुरुवातीला वजन भराभर उतरले, पुढे त्याचा वेग मंदावत गेला. शरीर थंड पडू लागले, नाडी संथ झाली, विश्रांतीच्या वेळी लागणारी ऊर्जा मोठ्या प्रमाणात कमी झाली. अन्न कमी मिळते म्हटल्यावर शरीराने आपला खर्चच आटोक्यात आणला होता. शिवाय हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. बंधन उठल्यावर ते अफाट जेवले आणि त्यांचे वजन परत आले. कीज यांनी हे सारे १९५० साली ‘द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्वेशन’ या दोन खंडांच्या ग्रंथात नोंदवले. शरीर आपले वजन राखण्यासाठी झगडते, याचा इतका तपशीलवार पुरावा तोपर्यंत नव्हता.

गंमत अशी की, स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा पहिला बहुचर्चित शोधनिबंध याच विद्यापीठातून आला, कीज यांच्या ग्रंथानंतर अवघ्या चार वर्षांनी. १९५४ साली क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनी कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा कोणता भाग काढला वा वगळला तर पोषणावर काय परिणाम होतो, हा त्यांचा प्रश्न. आतड्याचा शेवटचा भाग गमावलेल्या कुत्र्यांना चरबी नीट पचवता आली नाही आणि त्यांचे वजन घटले. मग एका स्थूल रुग्णाच्या आतड्याचा मधला मोठा टप्पा वगळून दोन टोके जोडण्यात आली. निबंधावरील चर्चेत स्वीडनचे सँडब्लोम यांनी आपल्या देशातील एका प्रयत्नाची माहिती दिली : गोथेनबर्गच्या व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी १९५२ साली ३२ वर्षांच्या एका स्त्रीचे १०५ सेंटिमीटर लहान आतडे कापून काढले होते. तिला बरे वाटू लागले. वजनात मात्र नाव घेण्याजोगी घट झाली नाही.

ही कल्पना मुळात साधी, जवळजवळ नळदुरुस्तीची. अन्न जिथे शोषले जाते तो मार्ग आखूड केला की शोषण कमी, आणि शोषण कमी म्हणजे वजन कमी. शरीर या हिशेबात स्वतःची काही भर घालेल, हा विचार कीज यांचा ग्रंथ शेजारी असूनही शस्त्रक्रियागृहात फारसा पोहोचला नव्हता.

हा नळहिशेब टोकाला नेला लॉस एंजेलिसच्या हॉवर्ड पेन आणि लॉरेन डीविंड यांनी. १९५६ पासून त्यांनी मोजक्या अतिस्थूल रुग्णांवर एक धाडसी शस्त्रक्रिया केली. लहान आतड्याचा अगदी सुरुवातीचा भाग त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला. जवळपास सगळे लहान आतडे अन्नमार्गातून बाद झाले. वजन उतरले, उतरत राहिले. वर्ष उलटले तरी थांबेना. त्याबरोबर आवरता न येणारे जुलाब, शरीरातील क्षारांचा तोल ढासळणे, यकृताचे विकार. १९६३ साली त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. घसरण थांबणार नाही याची त्यांना कल्पना नव्हती असे नाही. त्यांचा बेतच दोन टप्प्यांचा होता. पहिल्या शस्त्रक्रियेने वजन हव्या त्या आकड्यापर्यंत आणायचे आणि मग दुसऱ्या शस्त्रक्रियेने आतडे पुन्हा जोडून टाकायचे. रुग्ण तोवर सडपातळ झालेला असेल, त्याला कमी खाण्याची सवय लागलेली असेल, आणि तो तसाच राहील. शस्त्रक्रिया म्हणजे जणू तात्पुरती बांधलेली परात.

बेत फसला. ज्यांचा मार्ग पूर्ववत जोडला, त्यांचे वजनही पूर्ववत झाले. त्यात रुग्णांच्या मनोनिग्रहाला दोष देण्याची रीत त्या काळी होतीच, आणि आजही ती गेलेली नाही. पण मैदानाखालच्या त्या ३६ तरुणांचे बंधन उठल्यावर जे झाले होते, तेच लॉस एंजेलिसमध्ये घडत होते. वर्षभर कमी वजनावर राहिल्याने शरीर त्या वजनाला ‘आपले’ मानू लागत नाही, ही या फसलेल्या प्रयोगाची खरी कमाई. तिची किंमत मात्र रुग्णांनी मोजली.

मग प्रश्न बदलला. आपोआप थांबेल, आणि थांबल्यावर तिथेच टिकेल, अशी घट कशी घडवायची? पेन आणि डीविंड यांनी मोठे आतडे सोडून दिले. १९६९ साली त्यांनी जी रचना मांडली तीत लहान आतड्याचा सुरुवातीचा १४ इंच भाग शेवटच्या ४ इंचांना जोडलेला होता. सुमारे २० फुटांच्या आतड्यापैकी केवळ दीड फूट वापरात. पुढच्या दशकात या प्रकारच्या शस्त्रक्रिया हजारोंनी झाल्या. वजनाचा आलेख आता ओळखीचा दिसू लागला : पहिल्या वर्षी वेगाने उतार, दुसऱ्या वर्षी मंद, आणि दीड-दोन वर्षांच्या आसपास सपाटी.

सपाटी का आली? उरलेल्या दीड फूट आतड्याने स्वतःला वाढवले. त्याचे अस्तर जाड झाले, शोषणाची ताकद वाढली. हे एक कारण. दुसरे अधिक अनपेक्षित होते. १९७६ साली लंडनच्या पिल्किंग्टन आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले की, या रुग्णांची बहुतेक घट अपुऱ्या शोषणामुळे नव्हतीच, ते मुळात कमी खात होते. पोट तेवढेच, जठराला हातही लावलेला नाही, तरीही भूक ओसरलेली. नळहिशेबात न बसणारी ही गोष्ट होती. ती समजण्यासाठी लागणारी संप्रेरकांची विद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती, त्यामुळे निरीक्षण नोंदले गेले आणि बराच काळ तसेच पडून राहिले.

दरम्यान या शस्त्रक्रियेचे हिशेब बाहेर येऊ लागले. न शोषली गेलेली चरबी आतड्यातील कॅल्शियमला धरून ठेवते. एरवी हेच कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेत असते. ते मोकळे झालेले ऑक्झलेट रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात खडे होतात. वगळलेल्या आतड्यात जिवाणू माजतात, सांधे सुजतात. सर्वांत वाईट म्हणजे यकृत निकामी होणे. त्याने रुग्ण दगावले. घसरण जिथे थांबायला हवी तिथे थांबली नाही आणि प्रथिनांची उपासमार सुरू झाली, तर घटते वजन ही शुभवार्ता उरत नसे. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळपास मोडीत निघाली. पूर्वी केलेल्या कित्येक रुग्णांची आतडी पुन्हा जोडावी लागली.

दुसरी वाट तोवर आयोवामध्ये निघाली होती. एडवर्ड मेसन यांचे शल्यशिक्षण मिनेसोटाचेच. त्यामुळे या इतिहासात ते विद्यापीठ पुन्हा डोकावते. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण नंतर बारीकच राहतात, त्यांचे वजन वाढवायचे म्हटले तरी वाढत नाही, हे त्या काळच्या शल्यविशारदांचे नेहमीचे दुखणे. मेसन यांनी त्या दुखण्याचाच उपाय केला. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून त्याला लहान आतडे जोडले. उरलेले जठर न काढता तसेच आत ठेवले. हा गॅस्ट्रिक बायपास.

पुढे जठर-आतड्याची ही जोडणी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात होऊ लागली. स्वित्झर्लंडमधील लोझानचे सेझार रू यांच्या नावाने ती पद्धत आधीपासून प्रसिद्ध होती. केंटकीच्या वॉर्ड ग्रिफिन यांनी १९७७ मध्ये जुन्या आतड्याच्या आणि नव्या जठराच्या बायपासची तुलना केली. वर्षअखेर दोन्ही गटांतील वजनाची घट साधारण सारखीच भरली. फरक होता तो नंतरच्या दुखण्यांत : जुलाब, मूतखडे, यकृताचे विकार ही सारी जुन्या पद्धतीच्या माथी. केवळ वर्षाच्या आकड्यावर निकाल लावला असता, तर दोन्ही पद्धती बरोबरीत सुटल्या असत्या.

यश मोजायचे कशाने, हा प्रश्न इथूनच ठळक झाला. शल्यविशारद बराच काळ ‘अतिरिक्त वजनापैकी किती टक्के गेले’ असे मोजत, आणि निम्मे गेले तर शस्त्रक्रिया यशस्वी मानत. पण अतिरिक्त म्हणजे कशापेक्षा? तो आदर्श आकडा वैद्यकाने ठरवलेला नव्हता. तो मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या कोष्टकातून आलेला होता. विमाधारकांच्या मृत्यूंवरून बांधलेली ही कोष्टके १९४० च्या दशकात निघाली, १९५९ आणि १९८३ मध्ये ती सुधारली गेली. म्हणजे कोष्टक बदलले की त्याच रुग्णाचे यश कमीजास्त व्हायचे! शिवाय ते शरीर अमेरिकी विमाधारकाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय-मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरली जाते, त्यामागे असलाच फरक आहे.

मेसन स्वतः बायपासवर थांबले नाहीत. अधिक सोपे, आतड्याला धक्का न लावणारे काही हवे म्हणून १९८० च्या सुमारास त्यांनी जठराला उभे टाके घालून त्याचे तोंड पट्टीने आवळण्याची पद्धत काढली. ती काही वर्षे फार लोकप्रिय होती. चपाती-भाकरीसारखे घन अन्न अडायचे, पण आइस्क्रीम, चॉकलेट, गोड पेये सहज उतरायची. वर्षभर छान उतरलेले वजन पुढे अनेकांच्या बाबतीत हळूहळू चढले. निव्वळ अडवणुकीला शरीर वळसा घालते, हे इथे दिसले. इटलीतील जिनोआचे निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ पासून उलट टोकाची, शोषण घटवणारी पण आतड्याचा कोणताही भाग निपचित न ठेवणारी रचना वापरली. तिचे वजन फार चांगले टिकते. प्रथिनांच्या कमतरतेची टांगती तलवार मात्र कायम राहते.

मेसन यांची दुसरी एक कामगिरी कमी सांगितली जाते. १९८६ साली त्यांनी अशा शस्त्रक्रियांची नोंदवही सुरू केली. तोवर बहुतेक शल्यविशारदांची आकडेवारी वर्ष-दोन वर्षांवर संपत असे. हे मेसन २०२० च्या डिसेंबरात वारले, वयाची शंभरी ओलांडून.

लांब पल्ल्याचे पहिले भक्कम आकडे नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीनव्हिलहून आले. वॉल्टर पोरिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली गॅस्ट्रिक बायपासच्या ६०८ रुग्णांचा १४ वर्षांचा हिशेब मांडला, आणि त्यांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक रुग्णांशी संपर्क टिकवला. एवढी चिकाटी या क्षेत्रात दुर्मीळ. शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी वजन सुमारे १३८ किलो. एका वर्षाने ८७. पाच वर्षांनी ९३. दहा वर्षांनी ९४. चौदा वर्षांनी ९३. पोरिस यांचा निबंध गाजला तो मधुमेहामुळे. त्यांच्या मधुमेही रुग्णांपैकी ८३ टक्के जणांची साखर शस्त्रक्रियेनंतर आटोक्यात आली होती. पण वजनाचे हे आकडेही तितकेच बोलके आहेत. ८७ चे ९३ झाले म्हणजे सहा किलो परत आले. १३८ मात्र कधीच परत आले नाही. पेन यांच्या रुग्णांचे सगळे परतले होते, यांचे थोडे परतून थांबले. वर्षाच्या टोकाशी दिसतो तो तळ असतो, मुक्काम थोडा वर असतो.

स्वीडनमध्ये लार्स शोस्त्रॉम यांनी १९८७ पासून याहून मोठा अभ्यास चालवला. त्यात ४,०४७ स्थूल व्यक्ती होत्या; २,०१० जणांवर शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत हाच आकार पुन्हा दिसतो. वजनाची सर्वांत मोठी घट पहिल्या-दुसऱ्या वर्षी : बायपासमध्ये ३२ टक्के, उभ्या टाक्यांच्या पद्धतीत २५, पट्टीत २०. दहा वर्षांनी ती अनुक्रमे २५, १६ आणि १४. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन या साऱ्या काळात जवळपास जागचे हलले नाही. या अभ्यासाचा खरा प्रश्न मात्र जगण्या-मरण्याचा होता. शस्त्रक्रिया झालेल्या गटात १०१ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १२९. काही किलो परत येऊनही माणसे अधिक जगली, हे प्रथमच इतक्या मोठ्या गटावर दिसले.

लंडनला १९७६ मध्ये पडून राहिलेले निरीक्षण यानंतर पुन्हा उचलले गेले. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ साली जठरातून स्रवणारे भूक चाळवणारे संप्रेरक शोधले, त्याचे नाव घ्रेलिन. सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांनी २००२ साली त्याचा माग घेतला. आहार कमी करून वजन घटवलेल्यांमध्ये घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढले होते. शरीर जेवण मागत होते, कीज यांच्या तरुणांसारखेच. बायपास झालेल्यांमध्ये मात्र ते सामान्य वजनाच्या लोकांपेक्षाही ७७ टक्के कमी होते. बायपासचे रुग्ण त्या अभ्यासात फक्त पाच होते, आणि पुढच्या अभ्यासांत घ्रेलिनचे निष्कर्ष इतके एकमुखी राहिले नाहीत. तरी दिशा कळली. जेवणानंतर जीएलपी-१ सारखी आतड्याची तृप्ती-संप्रेरके या रुग्णांत अनेक पटींनी उसळतात, हेही दिसून आले; आज गाजणारी वजन घटवणारी इंजेक्शने त्याच संप्रेरकाची नक्कल करतात. शस्त्रक्रिया केवळ नळ वळवत नव्हती. शरीर ज्या वजनासाठी झगडते, ते वजनच ती खाली सरकवत होती; आणि नवी पातळी गाठली की घसरण आपणच थांबत होती.

म्हणून आजच्या दवाखान्यात वर्षाच्या भेटीला काट्यावरचा आकडा एकटा वाचला जात नाही. बाराव्या महिन्यानंतर मंद गतीने, महिन्याला एखाद-दुसरा किलो उतरणे आणि दीड-दोन वर्षांच्या आत थांबणे, ही अपेक्षित चाल. थांबल्यानंतर थोडे वर येणेही त्याच चालीत बसते. वेग मंदावण्याऐवजी घसरण तशीच चालू राहिली, सोबत उलट्या, अशक्तपणा, पायांना सूज असेल, तर डॉक्टर खुश होत नाहीत. ते अल्ब्युमिन, लोह, ब-१ आणि ब-१२ जीवनसत्त्व, कॅल्शियम तपासायला पाठवतात, जोडणीचे तोंड अरुंद झाले आहे का ते पाहतात. या तपासण्यांच्या यादीतील बहुतेक नावे १९५६ ते १९८० या काळातील रुग्णांच्या दुखण्यांतून तिथे आलेली आहेत.